संगणकाची भाषा न शिकता दुकानाचे ॲप : काही अनुभव, काही सूचना

आमच्या सभासद बंधूंपैकी अनेकांनी गेल्या वर्ष-दीड वर्षात एक प्रश्न वारंवार विचारलेला आहे. प्रोग्राम लिहिण्याची विद्या मुळीच अवगत नसलेल्या माणसालाही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने स्वतःच्या दुकानापुरते मोबाइलचे ॲप तयार करता येते असे म्हणतात, ते खरे काय? आणि खरे असल्यास आपण त्या वाटेस जावे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे एका शब्दात देता येते. दुसऱ्याचे उत्तर देण्यास थोडा विस्तार करावा लागतो, आणि तोच ह्या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक संगणकशास्त्राचा जाणकार नाही. तो आपल्यासारखाच एक व्यापारी आहे. परंतु ह्या वाटेने चालताना त्याला एक ठेच लागली. तिचा उपयोग इतरांना व्हावा म्हणून ती हकीकत प्रथम सांगतो.

आमच्या पेढीतील हकीकत

आमची पेढी ठोक कापडाची. बेळगाव शहराखेरीज खानापूर व चंदगड ह्या भागांतील किरकोळ दुकानदार हे आमचे जुने गिऱ्हाईक. बहुतेक व्यवहार उधारीचा. कोणाकडे येणे किती, ते किती दिवसांचे आणि आज वसुलीस कोणाकडे जावयाचे, हे आमचे वयोवृद्ध दिवाणजी खातेवही न उघडताही सांगू शकतात. कराची बिले आणि वार्षिक हिशेब गेली कित्येक वर्षे संगणकावर होत आहेत. परंतु वसुलीस बाहेर पडलेल्या माणसाला खिशातल्या मोबाइलवर चालू बाकी दिसावी, अशी सोय नव्हती.

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या माझ्या पुतणीने ही सोय करून देण्याचे मनावर घेतले. प्रोग्राम लिहिण्याचे शिक्षण तिने घेतलेले नाही. साध्या मराठीत यंत्राला आपली गरज सांगावी, त्याने करून दिलेले पाहावे, चुकले असेल ते पुन्हा सांगावे, अशा रीतीने तिने तीन संध्याकाळींत एक नेटके ॲप उभे केले. गिऱ्हाइकाच्या नावावर बोट ठेवले की त्याची बिले, जमा रकमा व बाकी दिसे. आणखी एक कळ दाबली की बाकीचा निरोप व्हॉट्सॲपवर पाठविण्यास तयार होई. पहिला महिना आम्हां सर्वांना कौतुकाचा गेला.

दुसऱ्या महिन्यात चंदगडकडील एका जुन्या दुकानदारांना २,७२० रुपये बाकी असल्याचा निरोप गेला. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः पेढीवर आले. रागावले नाहीत. आपली लहानशी वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “शेठ, तीस वर्षांत तुमच्या पेढीवरून असा निरोप कधी आला नव्हता. चूक माझी असेल तर दाखवा, आत्ता पैसे देतो.”

चूक त्यांची नव्हती. त्यांनी १८,४०० रुपयांचा माल नेला होता. त्यापैकी २,४०० रुपयांचे दोन तागे डागी निघाले म्हणून परत आले. राहिले १६,००० रुपये. ते त्यांनी पंधरा दिवसांच्या आत चुकते केल्यामुळे आमच्या रिवाजाप्रमाणे शेकडा दोन टक्के, म्हणजे ३२० रुपये, वटाव मिळाला. आणि त्यांनी १५,६८० रुपये भरले. खाते तेथेच निरंक झाले. (सोयीसाठी कराचा भाग येथे बाजूस ठेवला आहे.) ॲपला मात्र दोनच गोष्टी ठाऊक होत्या : बिल आणि भरणा. बिलातून भरणा वजा जाता २,७२० रुपये उरतात, ते त्याने बाकी म्हणून दाखविले. परतीचा माल आणि वटाव ह्या दोन गोष्टी जगात आहेत, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

पुतणी खजील होऊन म्हणाली, “दिवाणजीकाका, हा रिवाज मला कोणी सांगितला नाही.” दिवाणजी म्हणाले, “बाळ, मला कोणी विचारला नाही.” दोघांचेही म्हणणे खरे होते. आणि जे विचारावयास हवे होते ते न विचारण्याचा दोष पेढीचा मालक म्हणून माझा होता. मी त्या गृहस्थांची क्षमा मागितली. पैशाने नुकसान एका पैचेही झाले नाही. परंतु व्यापाऱ्याची पत ही अशाच निरोपांनी झिजत असते, हे आपणांस सांगावयास नकोच.

ही आकांक्षा जुनीच

हिशेबाचे काम यंत्राकडून करून घ्यावे आणि त्यासाठी यंत्राची भाषा शिकण्याची गरज पडू नये, ही आकांक्षा आजची नव्हे; आणि तिच्या मुळाशी व्यापारीच आहेत. इंग्लंडातील लायन्स ही पेढी चहागृहे चालवीत असे आणि पाव-केक विकीत असे. ह्या पेढीने केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक ह्या यंत्राच्या नमुन्यावरून स्वतःचा संगणक बांधविला. त्याचे नाव लिओ. १९५१ साली त्यावर पेढीच्या बेकरीतील मालाच्या मूल्यांकनाचे काम सुरू झाले. नित्याच्या व्यापारी कामास लागलेला तो जगातील पहिला संगणक मानला जातो.

लायन्सचे लोक यंत्रापाशी बसण्यापूर्वी आपल्याच कामाची रीत बारकाईने तपाशीत असत. चहागृहांच्या रोजच्या मागणीचे काम १९५४ साली लिओवर आले, तेव्हा प्रत्येक चहागृहाची नेहमीची मागणी यंत्रात आधीच नोंदवून ठेवली गेली आणि चालक बाईंनी त्या दिवसापुरता जो फरक असेल तेवढाच दूरध्वनीवरून कळवावा, असे ठरले. ही युक्ती यंत्राने सुचविलेली नव्हती. आपला धंदा जाणणाऱ्या माणसांनी ती शोधली होती.

पुढे १९५९ साली अमेरिकेत कोबोल ह्या भाषेची आखणी झाली. ग्रेस हॉपर ह्या विदुषींच्या आधीच्या कार्यावर ती बरीचशी आधारलेली होती. व्यापारी कचेरीतील माणसाला वाचून समजेल अशा इंग्रजी शब्दांत संगणकाला आज्ञा देता याव्यात, हा तिचा उद्देश. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन ह्यांनी व्हिसिकॅल्क नावाचा हिशेबी तक्ता लहान संगणकावर आणला, आणि एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेल्या सर्व बेरजा आपोआप बदलू लागल्या. आज आपल्या दुकानांतून जे एक्सेल वापरतात, ते त्याच वंशातले. तात्पर्य, आज्ञेची भाषा हळूहळू माणसाकडे सरकत आली आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि ही वाटचाल फारच वेगाने पुढे गेली. आता यंत्राशी मराठीत बोलूनही प्रोग्राम लिहून घेता येतो.

यंत्र नेमके काय करते

कोणतेही ॲप, मग ते बँकेचे असो वा दुकानाचे, तीन गोष्टींचे बनलेले असते. पहिली, डोळ्यांना दिसणारा पडदा, म्हणजे कळा, रकाने, याद्या. दुसरी, माहितीसाठा, म्हणजे आपली खतावणी. तिसरी, नियम : कोणती नोंद कोठे जावी, कोणती वजा व्हावी, कोणाला काय दिसावे. पूर्वी ह्या तिन्ही गोष्टी प्रोग्रामर हाताने लिहीत असे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन आपले वर्णन वाचून त्या लिहिते.

हे साधन विचार कसा करते ह्याविषयी बराच गैरसमज आहे. माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर आणि असंख्य प्रोग्राम ह्यांवरून त्याला घडविलेले असते. एखाद्या मजकुरापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते अत्यंत कौशल्याने ठरवीत जाते. बहुसंख्य दुकानांत बिल आणि भरणा असतो, म्हणून तेवढे ते न सांगताही बरोबर लिहील. आपल्या पेढीचा वटाव, आपला परतीचा रिवाज, सणापूर्वी दिलेली वाढीव मुदत, ह्या गोष्टी कोणत्याही ग्रंथात छापलेल्या नसतात. जेथे आपण काही सांगत नाही तेथे ते थांबून विचारीलच असा भरवसा नाही. पुष्कळदा ते सर्वसाधारण रीत गृहीत धरून पुढे जाते, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने. म्हणून ज्याला दुकानाचे नियम पूर्णपणे ठाऊक आहेत, त्यानेच ते सांगितले पाहिजेत. हे काम आपल्या वतीने दुसरा कोणी करू शकत नाही.

साधने कोणती

सध्या उपलब्ध असलेल्या साधनांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतील. पहिल्या वर्गात ॲपशीट, ग्लाइड ह्यांसारखी साधने येतात. आपल्या गूगल शीटमधील किंवा तत्सम तक्त्यावरून ती ॲप उभारतात. पैकी ॲपशीट २०२० साली गूगलने विकत घेतले. ज्यांची माहिती आधीच तक्त्यात आहे आणि गरज साधी आहे, अशांना हा वर्ग सोयीचा. कारण माहिती डोळ्यांसमोर तक्त्यातच राहते आणि जुळवून पाहणे सोपे जाते.

दुसऱ्या वर्गात लव्हेबल, बोल्ट, रेप्लिट इत्यादी साधने येतात. येथे वर्णन लिहावयाचे आणि साधनाने संपूर्ण प्रोग्रामच लिहून, चालवून दाखवावयाचा. चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड ह्यांच्याकडूनही प्रोग्राम लिहून घेता येतो. येथे मोकळीक अधिक, आणि अर्थातच चुकांना वावही अधिक. नवशिक्याने पहिल्या वर्गापासून आरंभ करावा, असे आमचे नम्र मत आहे.

प्रथम टिपण, मग यंत्र

वरील प्रसंगानंतर आम्ही ॲप बाजूस ठेवले आणि दिवाणजी, पुतणी व मी असे तिघे एका रविवारी कोऱ्या वहीसह बसलो. दिवाणजींना एकच विनंती केली : गेल्या वर्षातील चमत्कारिक खाती सांगा. सरळ खाती कोणालाही कळतात. नियम कळतात ते वाकड्या खात्यांवरून. दोन बिलांचा एकच भरणा, भरणा करून मागाहून न वटलेला धनादेश, बापाच्या नावावर माल आणि मुलाकडून पैसे, अशी अठरा खाती निघाली. त्यांवरून जे टिपण तयार झाले, त्याचा मथितार्थ असा :

“ठोक कापडाच्या दुकानासाठी उधारी पाहण्याचे ॲप हवे. नोंदी पाच प्रकारच्या : बिल, भरणा, परतीचा माल, वटाव, न वटलेला धनादेश. बाकी कोठेही हाताने लिहावयाची नाही. ती नेहमी नोंदींवरून मोजावयाची. बिलात परतीचा माल व वटाव वजा करावा. न वटलेल्या धनादेशाची रक्कम पुन्हा नावे टाकावी. एकदा केलेली नोंद पुसता येऊ नये. चूक झाल्यास उलट नोंद करावी आणि कारण लिहावे. प्रत्येक नोंदीस तारीख, वेळ व करणाऱ्याचे नाव असावे. वटाव बिलाच्या तारखेपासून पंधरा दिवसांच्या आत पूर्ण भरणा आल्यासच, आणि परतीचा माल वजा जाता उरलेल्या रकमेवर. वसुलीच्या माणसाला फक्त त्याच्या भागातील गिऱ्हाईक दिसावे. कोणताही निरोप आपोआप जाऊ नये. दिवाणजींनी पाहिल्यावरच जावा. जे समजले नसेल ते गृहीत धरू नये, आधी विचारावे.”

ह्यातील शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगी ठरले. ते वाचून यंत्राने उलट अकरा प्रश्न विचारले, आणि त्यांतील चारांची उत्तरे मलाही दिवाणजींकडून घ्यावी लागली. नोंद न पुसण्याचा नियम तर आपल्या जुन्या वहीचाच आहे. चोपडीत खाडाखोड करणे आपल्या वडीलधाऱ्यांनी कधी मानले नाही, आणि चांगल्या संगणकीय हिशेबाचेही तेच सूत्र आहे.

आणखी काही बारीक गोष्टी टिपणात आवर्जून लिहाव्यात. तारीख आधी दिवस, मग महिना अशी लिहिली जावी. अमेरिकन रीतीने महिना आधी आला तर ३ एप्रिलची ४ मार्च होते आणि उधारीचे दिवस चुकतात. रकमेत लाख व कोटीप्रमाणे स्वल्पविराम असावेत. वर्ष एप्रिल ते मार्च असे धरावे. रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून साठवाव्यात आणि रुपये फक्त पडद्यावर दाखवावेत. कारण संगणक अपूर्णांक दोनाच्या पद्धतीने ठेवतो, त्यात दहा पैशांसारखा साधा अपूर्णांकही नेमका बसत नाही, आणि हजारो नोंदींच्या बेरजेत एखाद-दुसऱ्या पैशाचा फरक निघण्याचा संभव राहतो.

पारखल्यावाचून स्वीकारू नये

सोने कसोटीवर घासल्यावाचून आपण घेत नाही. मग ॲप का घ्यावे? ज्यांचे उत्तर आपणांस आधीच ठाऊक आहे अशी खाती यंत्रात घालून पाहावीत. आम्ही ती अठरा वाकडी खाती घातली. पहिल्या खेपेस पंधरा जुळली, तीन जुळली नाहीत. दुरुस्ती सांगितल्यावर ती तीन जुळली, परंतु पूर्वी जुळलेले एक बिघडले. येथून एक धडा घेण्याजोगा आहे : एक गोष्ट दुरुस्त करताना यंत्र दुसरी बिघडवू शकते, म्हणून प्रत्येक बदलानंतर सर्व खाती पुन्हा तपासावीत. बदलही एका वेळी एकच सांगावा. चार बदल एकदम सांगितले तर कोणत्या बदलाने काय बिघडले हे कळत नाही.

त्यानंतर तीन महिने वही आणि ॲप दोन्ही बरोबरीने चालविली. दर शनिवारी दिवाणजींची बाकी आणि ॲपची बाकी ताडून पाहिली. सलग तीन महिने ताळा जमल्यावरच वसुलीच्या माणसाच्या हाती ॲप दिले. तीन संध्याकाळींचे काम अशा रीतीने चार महिन्यांवर गेले, हे खरे. परंतु पहिल्या तीन संध्याकाळींत जे झाले ते ॲपचे चित्र होते, भरवसा पुढील चार महिन्यांत आला.

कराचे दर हा तर मोठाच सावधगिरीचा विषय. यंत्राचे ज्ञान ज्या दिवसापर्यंतच्या मजकुरावर घडलेले असेल, त्यानंतरचे बदल त्याला आपोआप कळत नाहीत. आपल्याच धंद्यातील उदाहरण घ्या. तयार कपड्यांवरील वस्तू व सेवा कर पूर्वी नगाच्या १,००० रुपये किमतीपर्यंत ५ टक्के व त्यावर १२ टक्के असा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. जुना दर प्रोग्रामात पक्का लिहिला गेला तर प्रत्येक बिल चुकेल. म्हणून दर प्रोग्रामात न लिहिता वेगळ्या तक्त्यात, लागू होण्याच्या तारखेसह ठेवावेत. सीमाभागातील व्यापाऱ्याला दुसरीही एक गोष्ट सांगावी लागते : बेळगावहून खानापूरला पोचविलेला माल राज्यातला, म्हणून केंद्र व राज्य असे दोन कर, आणि तोच माल चंदगडला पोचविला तर तो परराज्यातला, म्हणून एकात्मिक कर. गावांची अंतरे पाहून यंत्राला ही सीमा कळणार नाही. गिऱ्हाइकाच्या नोंदीत राज्य लिहिलेले असलेच पाहिजे.

माहितीची राखण

खातेवही आपण तिजोरीत ठेवतो. ॲपमधील खातेवही मात्र दूरच्या एखाद्या संगणकावर असते, आणि तिची कुलपे नीट लागली आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी केलेल्या अनेक ॲपांचा माहितीसाठा कोणालाही वाचता येईल असा उघडा राहिलेला २०२५ साली संशोधकांना आढळला. पडद्यावरून एखादी यादी लपविली म्हणजे ती सुरक्षित झाली असे नव्हे. माहितीसाठ्यानेच अनोळखी माणसाला नकार दिला पाहिजे. ही अट टिपणात लिहावीच, आणि नंतर दुसऱ्याच्या मोबाइलवरून, दुसऱ्या नावाने प्रवेश करून, आपले खाते त्याला दिसते काय हे स्वतः पाहावे. गिऱ्हाइकांची खरी माहिती भरण्यापूर्वी एखाद्या जाणत्या संगणकतज्ज्ञाकडून एकदा तपासणी करून घ्यावी. तिचा खर्च वाया जात नाही. तोपर्यंत चाचणीसाठी कल्पित नावे वापरावीत. बँकेचे परवलीचे शब्द किंवा ओटीपी यंत्राशी होणाऱ्या संभाषणात कधीही लिहू नयेत.

कायद्याचेही भान ठेवावयास हवे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले; व्यवसायांवरील मुख्य बंधनांसाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये इतकी आहे. लहान दुकानदारास एवढा दंड होईल असे म्हणण्याचा आशय नाही. परंतु गिऱ्हाइकाचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक व येणे-देणे ही त्याने आपल्यापाशी विश्वासाने ठेवलेली ठेव आहे, हे तत्त्व कायद्याने आता स्पष्ट केले आहे.

आणि प्रत हवी. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील एका उद्योजकाने आता काहीही बदलू नकोस असे यंत्राला बजावले असताना त्याने चालू माहितीसाठाच पुसून टाकला. साधन पुरविणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. माहिती पुढे परत मिळविता आली. पण प्रत्येकाचे दैव तसे असेलच असे नाही. आठवड्यातून एकदा सर्व नोंदींची तक्त्याच्या रूपात प्रत काढून ती वेगळ्या ठिकाणी ठेवावी. ज्या साठ्यात खऱ्या नोंदी आहेत त्यावर नवे प्रयोग करू नयेत. प्रयोगाची प्रत निराळी असावी.

खर्च आणि मालकी

केवळ आपल्या पेढीतील चार-पाच माणसांना वापरावयाचे असेल तर ॲप कोणत्याही दुकानात प्रसिद्ध करण्याची गरज नाही. मोबाइलच्या पडद्यावर चिन्हासारखे बसणारे संकेतस्थळ त्या कामास पुरते. सर्वांसाठी गूगलच्या प्ले स्टोअरवर ठेवावयाचे झाल्यास नोंदणीची एकदाच २५ डॉलर फी आहे. तसेच १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यास किमान बारा माणसांकडून सलग चौदा दिवस चाचणी करवून घ्यावी लागते. ॲपलची फी दर वर्षी ९९ डॉलर आहे. ह्याशिवाय साधनाची मासिक वर्गणी पडते, आणि पुष्कळ साधनांत दर बदलागणिक ठरावीक शिलकेतून काही खर्ची पडते. म्हणूनही टिपण आधी करावे. घडीघडीला मत बदलणाऱ्याचा खर्च वाढतो.

वर्गणी भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : आपली माहिती तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येते काय, आणि तयार झालेला प्रोग्राम आपल्या हाती मिळतो काय. लंडनची बिल्डर डॉट एआय ही ह्याच क्षेत्रातील गाजलेली कंपनी मे २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. अडत्या बुडाला तर आपला माल कोणाच्या वखारीत आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याची जी गत होते तीच येथेही होऊ शकते.

कोठे वापरू नये

घरी केलेले ॲप मदतनीस म्हणून उत्तम. अधिकृत हिशेब म्हणून नव्हे. कराची बिले व विवरणपत्रे ह्यांसाठी प्रस्थापित हिशेब-प्रणालीच वापरावी. ज्यांची पेढी कंपनी म्हणून नोंदलेली आहे, त्यांच्या हिशेब-प्रणालीत प्रत्येक फेरफाराची, बंद करता न येणारी नोंद राहणे १ एप्रिल २०२३ पासून कायद्याने आवश्यक आहे. आपल्या लेखापरीक्षकांना विचारल्यावाचून ह्यात काही बदल करू नये. पैसे स्वीकारण्याचे कामही ॲपकडे देऊ नये. बँकेने दिलेला यूपीआयचा क्यूआर पुरेसा आहे. रक्कम बँकेच्या खात्यात दिसल्यावर भरण्याची नोंद करावी. केवळ समोरच्याच्या मोबाइलवरील चित्र पाहून नोंद करू नये.

ह्या मर्यादा सांभाळल्या तर करण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत. ताग्यांचे नमुने दाखविणारी सूची, गाडीभाड्याची नोंद, गोदामातील शिलकेची मोजणी, मालाच्या भावाची यादी मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत, अशी कामे चुकली तरी फारसे बिघडत नाही आणि साधली तर रोजचा तास-दीड तास वाचतो. आरंभ अशा कामांनीच करावा. घरातील महाविद्यालयीन मुला-मुलींना ह्यात गोडी वाटते. त्या निमित्ताने ती पेढीवर येऊन बसू लागतात आणि धंद्यातील खाचाखोचा विचारू लागतात, हा लाभ लहान नाही.

आमच्या पेढीत आज ते ॲप रोज वापरले जाते. चंदगडचे ते गृहस्थ गेल्या दिवाळीत माल नेण्यास आले तेव्हा पुतणीने त्यांना त्यांचे खाते मोबाइलवर उघडून दाखविले : बिल, परतीचा माल, वटाव, भरणा, बाकी शून्य. त्यांनी आपली लहानशी वही काढली, दोन्ही ताडून पाहिली आणि हसून ती पुन्हा खिशात ठेवली. ती वही त्यांनी टाकून द्यावी असे मी त्यांना सुचविले नाही. दोन बाजूंनी ठेवलेला हिशेब हाच खरा हिशेब.

त्या रविवारी दिवाणजींनी सांगितलेल्या रिवाजांची वही आता आमच्या तिजोरीत आहे. ॲप उद्या बदलेल, साधनेही बदलतील. ती वही असेल तर नवे ॲप पुन्हा उभे करता येईल. आपल्या प्रत्येक पेढीत असे एखादे वयोवृद्ध माणूस असेल, आणि त्याच्याजवळ न लिहिलेली अशी एक वही असेल. ॲप करावयाचे असो वा नसो, ती एकदा लिहून घ्यावी, एवढीच सर्व सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती करून लेखणी थांबवितो.